सात चुली, निर्जन

यंदाही आषाढ कोरडा चालला आहे. इंदूरचं आभाळ रोज दुपारी भरून येतं, गच्चीवर वाळत घातलेले कपडे उचलायला लावतं आणि संध्याकाळी पुन्हा लख्ख होऊन बसतं. खाली टँकर आला की बादल्यांचा खडखडाट आणि बायकांची तणतण एकदमच सुरू होते. शेजारचे काका जिन्यात भेटले की रोज एकच विचारतात, "ताई, ह्या साली पाणी गिरणार की नाही हो?" मी म्हणते, गिरेल, गिरायचं तेव्हा गिरेल. माझा आवाज जरा चढलेला असावा, कारण ते भाजीची पिशवी सावरत वर निघून जातात.

कोरड्या आषाढात बाकीच्यांना उकाडा होतो, मला संताप होतो. पाऊस वेळेवर आला तर मी बरी असते. पण ढग नुसते तोंड दाखवून जाऊ लागले की आमलीखेड्याचा तो आषाढ माझ्यासमोर येऊन उभा राहतो, माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. तेव्हा मी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत एकटी शिक्षिका होते. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हापसा आणि मी. सकाळी इंदूरहून बसनं निघायचं, सिमरोलच्या पुढं फाट्यावर उतरायचं आणि तिथून काळ्या मातीच्या रस्त्यानं अर्धा तास चालत जायचं. पावसाळ्यात चपलेला शेरभर चिखल चिकटायचा. त्या वर्षी चपला कोरड्या राहिल्या, आणि पायाखालच्या भेगा इतक्या रुंद झाल्या की एकदा माझं पेन पडलं ते गेलंच.

आणि त्यात गेल्या रविवारची भर. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये एका पाहुण्यांचं व्याख्यान होतं. विषय, ओस पडणारी खेडी. पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते. कुलूप लावलेली दारं, वाळलेली तुळस, ओट्यावर काठी टेकून बसलेले म्हातारे. पाहुणे गळा दाटून सांगत होते की तरुण शहरात गेले, गावात आता कोणी उरलं नाही. आमची मंडळी च्च च्च करत होती. ह्यातल्या अर्ध्यांनी जन्मात खेडं पाहिलेलं नाही, हुरडा खायला फार्महाऊसवर जातात तेवढंच. माझ्याच्यानं बसवेना. मी उठले आणि विचारलं, "गेलेल्यांचे फोटो दाखवलेत, आलेल्यांचे कुठं आहेत? मळ्यात लसूण कोण काढतंय? ह्या ओस गावातल्या गाई कोण दुहतंय?" पाहुणे हसून म्हणाले, चांगला मुद्दा आहे. चांगला मुद्दा आहे म्हणजे पुढची स्लाइड. आमचे सेक्रेटरी लगबगीनं आले आणि कानाशी म्हणाले, "ताई, तुम्ही बैठा ना. सवाल बाद में घेऊया. पोहे थंडे होतायत."

मी बसले. पोहेही खाल्ले. पण तेव्हापासून डोकं जे तापलं आहे ते उतरत नाही.

आमलीखेडा ओस पडलं असं आमलीखेड्यातही लोक म्हणायचे. ते म्हणणारे बहुतेक शनिवारी इंदूरहून मोटारीनं येत. सिमरोलकडे ते मोठं इंजिनियरिंगचं कॅम्पस झालं तेव्हापासून जमिनीला भाव आला. कुणी चार बिघे विकले, कुणी दहा, आणि त्यातून शहरात बंगले झाले. मुलं, सुना, नातवंडं तिकडं गेली. गावात राहिले म्हातारे, म्हशी आणि नावं. नावं मात्र सगळी राहिली. मतदार यादीत, रेशनकार्डावर, माझ्या शाळेच्या हजेरीत. पटेल साबांचे तीन नातू माझ्या हजेरीपटावर होते आणि खजराना चौराह्याजवळच्या कॉलनीतून टाय लावून इंग्रजी शाळेत जात होते.

पटेल साब म्हणजे गावचे कर्ते. कागदावर सरपंच त्यांच्या पत्नी, पण त्या बाईंचा आवाज मी सात वर्षांत दोनदा ऐकला, दोन्ही वेळा चहा घ्या म्हणताना.

आता गावात आलेल्यांविषयी. गावाच्या पूर्वेला सोसायटीचं खताचं जुनं गोदाम होतं. पत्रे गंजलेले, भिंतींना युरियाचा वास मुरलेला, उन्हाच्या वेळी आत गेलं की डोळे चुरचुरायचे. त्यात सात कुटुंबं राहत होती. आलिराजपूरकडच्या आदिवासी भागातली. कधीकाळी लसूण-बटाटा काढायला आली, मग कॅम्पसच्या बांधकामावर लागली, बांधकाम संपलं तशी पुन्हा शेतांवर आली. मालक शहरात गेले आणि शेती ह्या लोकांनी केली. पेरणी त्यांची, निंदणी त्यांची, काढणी त्यांची. गावचे लोक त्यांना म्हणायचे, बाहेरवाले.

रेमली त्यांच्यातली. तिशीची असेल. काटक, उंच, कपाळावर हिरवं गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. पुष्कळांना ती सवय उद्धटपणाची वाटायची. नवरा सांवेर रोडच्या एका कारखान्यात होता, शनिवारी यायचा. दोन मुली, थोरली थावरी नऊ वर्षांची, धाकटी तेव्हा जेमतेम एक वर्षाची, कडेवर. रेमली रोज सकाळी शेतावर जायच्या आधी शाळेचा माठ हापशावरून भरून ठेवायची आणि खोल्या झाडायची. त्याबद्दल तिला कुणी नेमलेलं नव्हतं. थावरी वर्गात बसते, म्हणून ती करायची. तिच्या मनात तो सौदा होता आणि मी त्यावर कधी बोलले नाही.

थावरी वर्गात बसायची, हजेरीत नव्हती. गोदामातली अकरा मुलं होती, त्यातली कुणीच हजेरीत नव्हती, कारण नाव चढवायला पंचायतीतून कुटुंबाचा नंबर लागतो आणि पंचायत त्यांना नंबर देत नव्हती. नंबर नाही तर संगणक नाव घेत नाही. बाकीची दहा मुलं कधी यायची, कधी नाही. थावरी रोज यायची. मी हजेरी घ्यायला लागले की पटेलांच्या नातवांची नावं यायची, वर्गात शांतता, आणि मग मागून थावरीचा खणखणीत आवाज, "हाजिर, बेनजी." सगळी पोरं खिदळायची. मी डोळे वटारायचे आणि मलाही हसू यायचं. आज त्या हसण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

जून संपता संपता वरून पत्र आलं. संगणकानं पटेलांच्या नातवांना आणि तसल्याच इतर काही बाळगोपाळांना दोन-दोन शाळांत पकडलं होतं. त्यांची नावं माझ्याकडून कमी झाली आणि पट ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला. आमलीखेड्याची शाळा बंद करून चारपदरी रस्त्याच्या पलीकडच्या गावात विलीन करायची, असं पत्रात होतं. त्या रस्त्यावरून ट्रक कसे जातात ते मी रोज फाट्यावर उभी राहून बघत होते. मोठ्या माणसानंही देवाचं नाव घेऊन ओलांडावा असा रस्ता.

रेमलीला मी हे सांगितलं तेव्हा ती माठ विसळत होती. "वां नी भेजूं," ती म्हणाली. "आने वां नाम पूछेगा. नाम नी तो बिठाएगा कोण?" तिचं म्हणणं बरोबर होतं. इथं मी नावाशिवाय बसू देत होते, तिथं कोण देणार होतं? शाळा राहिली तर थावरी शिकणार, गेली तर दुसऱ्या दिवसापासून आईबरोबर निंदायला जाणार, इतकं ते सरळ होतं. आणि शाळा राहायला नेमकी अकरा नावं पुरली असती.

मी त्याच दुपारी पटेल साबांच्या ओट्यावर गेले. म्हटलं, गोदामातल्या सात घरांना नंबर द्या, मुलं आपोआप पटावर येतील, गावची शाळा गावात राहील. त्यांनी मला आदरानं बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला.

"बेनजी, आप तो भोले हो. ये परदेसी लोग हैं. आज हैं, कल नी."

"सात वर्षं मी बघतेय, पटेल साब. रोज आहेत."

"तो सात साल और रेवे. मैंने कब भगाया? पण नंबर दूँगा तो कल राशन माँगेंगे, परसों वोट, नरसों जमीन का पट्टा. गोदाम की जगह की बात चल री है. समझो ना आप."

मी समजले. चांगलीच समजले. गोदामाच्या जागेला गिऱ्हाईक आलं होतं. रिकामी जागा विकता येते, माणसं असलेली विकायला त्रास होतो. मी म्हटलं, तुमचे नातू इथं राहत नाहीत तरी त्यांची नावं इथं, आणि ही मुलं इथं राहतात तर ती परदेशी. ते म्हणाले, "नातू तो गाँव के हैं." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी पोरांना दरवर्षी शिकवत असे. ती इतक्या शांतपणे, पंखा वळवून, कुणी माझ्या तोंडावर जगून दाखवलेली मी प्रथमच पाहत होते.

बसमध्ये बसल्यावर मला आमच्याच घराण्याची आठवण झाली आणि आणखी राग आला. आमचे खापरपणजोबा दख्खनेतून दरबाराच्या पागेत घोड्यांच्या मागं चालत इंदुरात आले. हिंदी येत नव्हती, माळवी तर नाहीच. त्यांना राहायला जागा मिळाली, शिधा मिळाला, मुलांना पाठशाळा मिळाली. तुम्ही मूळचे कुठले, किती दिवस राहणार, असं कुणी विचारलं नाही. आज आम्ही छाती काढून सांगतो, आम्ही इंदूरचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. मंडळात गणपती बसवतो, लेझीम खेळतो, आणि गाडीवाला दोन रुपये जास्त मागायला लागला की त्याला म्हणतो, "भिया, बाहेरका समझा क्या?" राजाच्या घोड्यामागून आलेला माणूस दोन दिवसांत गावचा होतो आणि लसणाच्या पोत्यामागून आलेला सात वर्षांत होत नाही.

पाऊस येईना. आर्द्रा गेल्या. एका खोट्या सरीवर भुलून लोकांनी सोयाबीन पेरलं होतं, ते जमिनीत भाजून गेलं. शेतात उभं राहिलं की तापलेल्या मातीचा आणि कुजक्या बियाण्याचा असा एक वास यायचा, भिजत घालून विसरलेल्या डाळीसारखा. हापसा थोडं पाणी द्यायचा, मग नुसता कण्हायचा, मग पुन्हा थोडं पाणी. रेमलीला माठ भरायला अर्धा तास लागू लागला. झाडाखाली बसलेली म्हातारी माणसं बोलायची थांबली. शेवटी ठरलं की उज्जैनी करायची.

माळव्यात पाऊस रुसला की गाव उज्जैनी करतं. त्या दिवशी गावात एकही चूल पेटत नाही. सगळं गाव, तान्ह्या मुलांपासून आजाऱ्यांपर्यंत, शिवेबाहेरच्या शेतांत जातं, तिथं उघड्यावर दाल-बाटी करतं, देवाला दाखवतं आणि जेवतं. घरं रिकामी, चुली थंड. आपलं घर सोडून गाव रानात आलेलं बघून इंद्राला दया यावी, अशी कल्पना. एका जरी घरातून धूर निघाला तरी सगळं फुकट. आदल्या दिवशी कोटवार, म्हणजे गावचा सरकारी राखणदार, थाळी वाजवत दारोदार फिरतो आणि सांगतो, उद्या चूल बंद. आमचा कोटवार देवाजी. त्याच्या पायाला जुनं दुखणं होतं, तरी तो एकेका उंबऱ्याशी थांबला. मलाही सांगितलं, "बेनजी, तम भी आजो." मी गावात राहत नव्हते, तरी मला बोलावणं होतं.

मी गेले. पळसाच्या झाडांखाली प्रत्येक घरानं आपापला उपळ्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा, ढीग पेटवला होता. बाट्या राखेत पुरलेल्या, डाळीला लसणाची फोडणी, तुपाची भांडी फडक्यानं झाकलेली. सगळीकडे निळसर धूर. खरं सांगायचं तर दृश्य सुंदर होतं आणि मला भूक लागली होती. इंदूरहून मोटारी आल्या होत्या. पटेलांचे मुलगे, सुना, ते टायवाले नातू. त्यांनी बर्फाची पेटी आणली होती आणि बाट्यांचे फोटो काढत होते. ज्यांच्या घरात वर्षातून चार दिवस चूल पेटते ते चूल बंद ठेवायला आले होते. बाराएक वाजले असतील, आणि कुणीतरी बोट दाखवलं.

गावातून धूर येत होता. एक बारीक रेघ, मग दुसरी. गोदामाच्या बाजूनं.

पुरुष उठले. पंधरा-वीस जण असतील, पुढं पटेलांचा मोठा मुलगा, मागं पटेल साब आणि देवाजी लंगडत. काही तरी विपरीत होईल ह्या भीतीनं मीही मागून पळाले. गोदामाच्या व्हरांड्यात रेमली मक्याच्या भाकरी थापत होती. धाकटी पाठीला बांधलेली. पलीकडे आणखी दोन चुली पेटल्या होत्या. इतके लोक बघून ती उठली नाही, फक्त पीठ लागलेले हात तिनं मांडीवर ठेवले.

"चूल क्यों जलाई?" पटेलांच्या मुलानं विचारलं.

"छोरा-छोरी भूखा है."

"आज गाँव की चूल बंद है. मालूम नी था?"

"किणे कियो?" रेमलीनं विचारलं. कुणी सांगितलं. तिनं देवाजीकडे पाहिलं आणि देवाजीनं जमिनीकडे. त्याची थाळी गोदामाकडे वाजलीच नव्हती. कधीच वाजत नसे.

"गाँव में रेती है तो गाँव का कायदा मालूम होना चइये," तो मुलगा म्हणाला. त्याचा आवाज वाढला होता. "तुम्हारे कारण पूरे गाँव का पाणी रुकेगा."

रेमली आता उठली. पाठीवरचं मूल तिनं हातानं वर सारलं आणि नेहमीच्या सवयीनं थेट डोळ्यांत बघितलं. त्याच्या नाही, पटेल साबांच्या.

"म्हे गाँव में रेवां, पटेल साब? तमी को. रेवां तो लिख दो. नी रेवां तो म्हारी चूल से तमारो कई बिगड़े?"

आम्ही गावात राहतो असं धरता तर तसं लिहून द्या, नाहीतर आमच्या चुलीनं तुमचं काय बिघडतं, असं ती विचारत होती. पटेल साबांनी घसा साफ केला. मग ते देवाजीला म्हणाले, पाणी टाक. देवाजीनं तिच्याच हंड्यातलं पाणी घेतलं. रेमलीच्या चुलीवर ओतलं, शेजारच्या दोन विझवल्या, मग आतल्या चार, ज्या पेटलेल्याही नव्हत्या. खात्री म्हणून. भाकरीवर राखेचे शिंतोडे उडाले. ज्या पाण्यासाठी सगळं गाव रानात गेलं होतं ते पाणी देवाजी असं ओतत होता. परत येऊन त्यानं सांगितलं, "सात थी. सब बुझाई दी."

माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते मला अजून आठवतं. पिशवीत गावातली मुलं मोजायच्या सर्वेक्षणाचा कोरा फॉर्म होता. मी तिथंच राखेच्या कडेला बसून लिहिलं: गोदाम, चुली सात, मुलं अकरा. एकेकाचं नाव, वय. थावरी आतून सगळ्यांची नावं ओरडून सांगत होती. खाली देवाजीचा अंगठा घेतला. तो घाबरत पटेलांकडे बघत होता. मी म्हटलं, देवाजी, आत्ता तुम्हीच मोजून विझवल्यात ना? त्यानं अंगठा दिला. पटेल साब मुलाला म्हणाले, "चल, बाटी जलेगी," आणि माणसं परतली. मी बाटी खाल्ली नाही. त्यांच्याबरोबर बसून घास उतरला नसता.

उज्जैनीनंतरही आठ दिवस पाऊस आला नाही. गावानं त्याचा दोष कुणाला दिला ते सांगायला नको.

तो फॉर्म घेऊन मी इंदूरला शिक्षण खात्याच्या कार्यालयात गेले. तिथले अधिकारी तरुण होते, नम्र होते, टेबलावर काच आणि काचेखाली देवाचा फोटो. मी आवाज चढवूनच सुरुवात केली. शाळा बंद करायला निघालात आणि अकरा मुलं तुम्हाला दिसत नाहीत? ह्याला आंधळेपणा म्हणायचा की बेफिकिरी? गाव बनेल आहे, तुमचं खातं झोपलेलं आहे, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शिपायाला सांगून एक गठ्ठा मागवला.

"मॅडम, हे दरवर्षीचं घरोघरचं सर्वेक्षण. जूनमधलं. आपणच करता ना?"

मीच करत होते. म्हणजे कसं करत होते तेही सांगून टाकते. जूनच्या पहिल्या आठवड्यात देवाजीच्या ओट्यावर बसायचं. ऊन रणरणतं असायचं. तो मागच्या वर्षीच्या क्रमानं घरं सांगायचा, मी मागच्या वर्षीच्या नोंदी समोर ठेवून नव्या फॉर्मवर उतरवायची. मध्ये ताक यायचं. माझ्या आधीच्या गुरुजींनीही असंच केलं होतं. खेड्यातल्या मास्तराला प्रत्येक घर ठाऊक असतं, मग उन्हात फिरायचं कशाला, असं आम्ही सगळेच समजत होतो. शिवाय फॉर्मवर पंचायतीचा शिक्का लागायचा, आणि जुन्यासारखं असलं की शिक्का मुकाट मिळायचा.

अधिकाऱ्यांनी एकेक पान उलटून माझ्यापुढं ठेवलं. शेवटच्या ओळीत, दरवर्षी, माझ्याच वळणदार अक्षरात: जुने गोदाम, निर्जन. खाली माझी सही. पाच फॉर्म होते, आधीचे सापडले नाहीत.

"पाँच साल निर्जन था," ते हळू आवाजात म्हणाले. "और बंद होने का पत्र आने के बाद अचानक ग्यारह बच्चे. ऊपर मैं क्या लिखूँ, आप ही बताइए."

आवाज चढवून आलेल्या माणसाला खाली उतरायला जिना नसतो. मी पाणी मागितलं, प्यायले आणि निघाले. बाहेर ऊन होतं, मंडईकडे जाणारे टेम्पो भोंगे वाजवत होते, आणि मी पटेलांवरचा, देवाजीवरचा, खात्यावरचा राग शोधत होते, तर तो सगळा माझ्याकडेच तोंड करून उभा होता. पटेलांना निदान जागा विकायची होती. मला काय विकायचं होतं? मला फक्त ऊन लागू नये एवढंच हवं होतं.

श्रावणात शाळा विलीन झाली. तोवर पाऊस आला होता आणि रस्त्याला चिखल झाला होता. बाकं ट्रॅक्टरमधून गेली, मला रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवलं आणि पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. गेल्या हिवाळ्यात एका लग्नाला त्या बाजूला गेले होते. गोदामाच्या जागी कमान आहे, कमानीवर कुठल्याशा हिरव्या नगरीचं नाव, आत आखलेले प्लॉट आणि एकही घर नाही. पहारेकऱ्याला विचारलं, इथले लोक कुठं गेले? तो म्हणाला, "यां तो कोई नी रेतो थो, मैडम." तो नवा होता, त्याच्यावर रागावून काय करायचं. रेमली कुठं आहे मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न केला. पण जिचा नंबर कधी लागलाच नाही, तिला कुठल्या कार्यालयात शोधणार?

मला म्हणायचं आहे ते इतकंच, की खेडी ओस पडत नाहीत. ती ओस लिहिली जातात. कुणीतरी ओट्यावर सावलीत बसून, ताक पीत, चांगल्या अक्षरात ते लिहितं, आणि मग शहरातल्या हॉलमध्ये बसून त्याबद्दल च्च च्च करतं.

त्या आषाढात कार्यालयातून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी गोदामात गेले होते. न सांगता चाललं असतं. शाळा बंद होणार एवढंच सांगितलं असतं तरी रेमलीनं खात्याला आणि पटेलांना शिव्या दिल्या असत्या आणि मला पाणी दिलं असतं. पण तिनं विचारलं, "कई लिख्यो थो कागद में, जो वां नी मान्या?" मी म्हटलं, लिहिलं होतं की गोदाम निर्जन आहे. तो शब्द तिला ठाऊक नव्हता. थावरीलाही नव्हता, मी शिकवला नव्हता. तिच्या दारात, तिच्या खाटेवर बसून, तिच्या दोन्ही मुलींच्या देखत मला त्याचा अर्थ सांगावा लागला. म्हटलं, जिथं माणूस नाही, ते.

"मनख नी," ती म्हणाली. "किणे लिख्यो?"

"मी."

तिनं धाकटीच्या नाकावरची माशी उडवली.

"कित्ती बार?"

"दरवर्षी. गेल्या वर्षीसुद्धा."

"गयी साल?" धाकटीला मांडीवर ओढून घेत ती म्हणाली. "गयी साल जेठ में तो या हुई थी, बेनजी. यईं, इणी खाट पे. तम लाडू लई ने आया था."

आणले होते. डिंकाचे, घरी वळलेले, डब्यातून. सही त्याच आठवड्यातली आहे.